अकरापर्यंतचं टेबल

माझा नवरा विक्रांत हा उज्जैनातला सगळ्यांत मोकळा माणूस आहे, असं त्याचे मित्र म्हणतात. आहेच. त्याला मूड आला की तो पायात चप्पल सरकवतो आणि जातो. पोहे खायला जातो, इंदूरला जातो, कुणाची नवी गाडी बघायला देवासला जातो. दारातून ओरडतो, "चारू, येतो गं!" आणि मी उत्तर देईपर्यंत त्याची बाईक कोपऱ्यावर पोचलेली असते.

लग्नानंतरची दोन वर्षं मीही अशीच होते, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. दुपारी चारला चहा पिता पिता तो म्हणाला होता, "मांडू?" आणि पाचला आम्ही रस्त्यावर होतो. बरोबर टूथब्रशसुद्धा नव्हता. तेव्हा मला वाटायचं, काय नवरा मिळालाय! आमच्या दोन्ही घरांतली माणसं पंचांग बघून दाढी करणारी, त्यात हा असा.

मग रुचिर झाला, तीन वर्षांनी अहल्या झाली. विक्रांतचं काही बदललं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण बायका हे फार गोड करून सांगतात. म्हणतात, मुलं झाली की आईबापांचं आयुष्य बदलतं. आईबापांचं नाही हो, आईचं. आता मला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी अहल्याचे सँडल शोधावे लागतात, ते सापडले की तिला शू येते, ती झाली की रुचिरला त्याचा लाल ट्रक बरोबर हवा असतो, आणि आम्ही जिना उतरेपर्यंत कोथिंबीरवाला गेलेला असतो. मुलं मला प्रिय आहेत. पण ती पायात आहेत, चोवीस तास आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. हेही सांगून टाकते.

विक्रांतचं काम म्हणजे अपघातात ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा. वेळ त्याची त्याच्या हातात. लोक म्हणतात, "बरं आहे गं तुला, नवऱ्याची वेळ मोकळी." ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याची वेळ मोकळी आहे ती त्याच्यासाठी.

आता भैरवगढचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

लग्नाआधीपासून मी शहराच्या टोकाला, भैरवगढला, यूसुफ चाचांच्या कारखान्यात छपाईला जायची. कारखाना म्हणजे एक लांब खोली, मागे अंगण, आणि खोलीत गोणपाटाचे थर देऊन मऊ केलेली चार मोठी टेबलं. तीन टेबलांवर व्यापाऱ्यांच्या चादरी छापल्या जायच्या. खिडकीजवळचं चौथं माझं होतं. म्हणजे कुणी तसं लिहून दिलं नव्हतं, पण मी माझं डिझाइन, माझे लाकडी ठसे आणि माझं कापड घेऊन जायची आणि चाचा ते टेबल रिकामं करून द्यायचे. पावसाळ्यात हे काम उन्हावर चालतं. ढगाळ हवेत रंग कापडात फुटतो, कडा पसरतात. म्हणून सकाळी ऊन दिसलं की चाचांचा फोन यायचा, "धूप निकली है, बेटा," आणि मी विसाव्या मिनिटाला तिथे. आधी ठरवायची सोय नाही. ऊन विचारून येत नाही.

रुचिर झाल्यावर मी दोन-तीनदा गेले. अहल्या झाल्यावर एकदाही नाही. चाचा फोन करायचे, मी म्हणायची, "आज नहीं हो पाएगा, चाचा." मग फोन कमी झाले. तीन ठसे मी अहल्या पोटात असताना कोरून घेतले होते. एका साडीचे तीन रंग, तीन ठसे. ते जुन्या पंच्यात गुंडाळून कपाटावर पडले होते.

या जूनमध्ये मी स्वतःच भैरवगढला गेले, दोन्ही मुलांना घेऊन. चौथ्या टेबलावर मानसी नावाची एक मुलगी काम करत होती. वय चोवीस, इंदूरच्या कॉलेजातून शिकून आलेली, कारखान्याच्या मागच्या गल्लीतच खोली घेऊन राहते. चाचांनी मला चहा दिला आणि सरळ सांगितलं. "देखो बेटा, बाकी दिन तो अब मानसी की बुकिंग है. लेकिन सावन के सोमवार को सवारी निकलती है, रास्ते बंद, व्यापारी आते नहीं. उस दिन मेज तुम्हारी. सुबह ग्यारह तक आ गईं तो तुम्हारी, नहीं तो इसकी. और इस सावन में भी नहीं आईं, तो फिर आगे से मैं इसी को दूँगा. बुरा मत मानना."

मी बुरा मानला. पण हो म्हटलं. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावण कधी लागतो ते पाहिलं. पंचवीस जुलै. पहिला सोमवार अठ्ठावीसला. बोटांनी मोजलं, तोवर सगळी व्यवस्था लागेल. अठ्ठावीसच्या चौकोनात लाल पेनाने गोल केला.

आणि इथे मी अशी चूक केली जी फक्त आमच्यासारखं उज्जैनातलं मराठी माणूस करू शकतं. नाशिकहून सासूबाई दरवर्षी मराठी कॅलेंडर पाठवतात. आमच्या घरात उपास, सण, सगळं त्याच्यावर चालतं. त्याच्यात श्रावण अमावास्येनंतर लागतो. बाहेर उज्जैनात मात्र सावन हा आषाढी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी लागतो, पंधरा दिवस आधी. मी इथेच जन्मले, इथेच शिकले, महाकालच्या पालखीची सवारी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिली. सवारी त्यांच्या सावनपासून निघते आणि आपला श्रावण संपेपर्यंत चालते, दोघांचाही मान राखतात, हेही मला ठाऊक होतं. तरीपण मी बघितलं ते सासूबाईंचं कॅलेंडर. शुक्रवारी रस्त्यावर कावडवाले दिसले, त्यांच्यामुळे माझी स्कूटर अडली, मी त्यांच्यावर चिडले, आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

चौदा तारखेला सोमवारी सकाळी सातला चाचांचा फोन आला. "पहला सोमवार है, धूप भी कड़क है. आ रही हो ना?"

मी कॅलेंडराकडे बघितलं. आषाढ. खिडकीबाहेर बघितलं. चार दिवसांच्या पावसानंतर असं ऊन पडलं होतं की समोरच्या गच्चीवर लोकांनी गाद्या काढल्या होत्या. मला माझा इतका राग आला की फोन बाजूला धरून मी कपाळावर हात मारून घेतला. चाचांना वाटलं लाइन कटली.

"ग्यारह तक, चाचा," मी म्हटलं. "पक्का."

मग माझ्या लक्षात आलं की घाबरण्यासारखं काही नाही. सोमवार आहे. साडेआठला रुचिरची शाळा, तिथेच खालच्या मजल्यावर अहल्याचं पाळणाघर, ते दोनपर्यंत. नऊला मी मोकळी. न ठरवता, न कुणाला विचारता, मला अख्खी सकाळ मिळत होती! मी कपाटावरून ठसे उतरवले. पंचा सोडला तर लाकडाला अजून तेलाचा वास होता. स्वयंपाकघरात मी चक्क गुणगुणले. विक्रांत सकाळी सातच्या आतच बाहेर पडला होता, "आज जरा लवकर काम आहे," म्हणून. मला वाटलं, गेला तो बरंच.

साडेआठला आम्ही फ्रीगंजातल्या शाळेच्या फाटकाशी पोचलो. पुढे रुचिर उभा, मागे अहल्या पट्ट्याने मला बांधलेली, डिकीत ठसे आणि साडी. फाटकाला कुलूप. आतून चौकीदार दात घासत आला.

"आज तो छुट्टी है, मैडम. सावन सोमवार."

"कैसी छुट्टी?"

"सवारी की. अब पूरे सावन सोमवार को छुट्टी रहेगी, इतवार को स्कूल. कल लगा था ना स्कूल. आपका बाबा आया नहीं?"

आमच्या लहानपणी असं नव्हतं. सवारीच्या दिवशी आमची शाळा भरायची आणि आम्ही दप्तरासकट सवारी बघायला पळायचो. आता गर्दी वाढली, सोमवारी सुट्टी देतात आणि तो दिवस रविवारी भरून काढतात. गेल्या वर्षी रुचिर शेजारच्या बाईंच्या बालवाडीत होता, तिथे असलं काही नव्हतं. मी चौकीदाराला विचारलं, "किसी ने बताया क्यों नहीं?" तो म्हणाला, "ग्रुप पे आया था, मैडम. पापा लोग के नंबर पे."

पापा लोग. प्रवेशाचा फॉर्म भरताना मी दोन्ही नंबर लिहिले होते. शाळेने वडिलांचा घेतला.

फाटकाच्या सावलीत स्कूटर लावून मी विक्रांतला फोन केला. मागे हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी भांडी आपटत होतं.

"शाळा बंद आहे," मी म्हटलं.

"हां. सवारी आहे ना आज."

"तुला माहीत होतं?"

"ग्रुपवर आलं होतं ना, बुधवारी का गुरुवारी."

"आणि काल शाळा होती."

"हां यार, होती. पण तू झोपली होतीस, मी पण झोपलो होतो, म्हटलं जाऊ दे ना. केजीच्या पोराचं काय असं बुडतंय?"

"विक्रांत, मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं कुठे?"

हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. मी विचारलं नाही! मी आधी विचारायला हवं होतं की अहो, शाळेचा काही निरोप तुमच्या फोनमध्ये मरून पडलाय का? काल रविवारी तो दहापर्यंत लोळला. दोन्ही पोरं माझ्या अंगावर होती, आणि त्याला माहीत होतं की मोठं शाळेत जाऊ शकतं. उठून सोडायला लागलं असतं म्हणून तो गप्प पडून राहिला.

"मला अकराच्या आत भैरवगढला पोचायचंय," मी म्हटलं. "चाचांचं टेबल आहे. मी तुला जूनमध्ये सांगितलं होतं. तू घरी ये."

"आज? अगं आज कसं जमेल? मी अनिकेतकडे आलोय. इकडे सगळे जमलेत, दाल-बाफले लागलेत, मग गच्चीवरून सवारी. काम नाहीच आज, सगळं बंद. एकदम ठरलं यार, सकाळी. पुढच्या सोमवारी जा ना तू."

"मग काम आहे म्हणालास ते?"

"आता त्याच्यात काय फालतू गुस्सा करतेस? पोरांना घेऊन जा ना बरोबर. चाचा काय खाऊन टाकणारेत?"

मुलांना घेऊन. बाटिकचं उकळतं मेण, रंगाच्या बादल्या, ओल्या साड्या आणि दोन वर्षांची अहल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी फोन ठेवला. रुचिर फाटकाच्या सळ्यांतून डोकं घालायचा प्रयत्न करत होता. अहल्याने माझ्या पाठीवर तोंडातलं बिस्किट पुसलं होतं.

मी तिथे उभी राहून सगळे पर्याय मोजले. आई-बाबा भोपाळला भावाकडे. समोरच्या फ्लॅटमधल्या अश्विनीताई नोकरीला. सव्वानऊ वाजले. मी नेहमी हेच करते, उभी राहून मोजते. मोजता मोजता ऊन जातं. पाच वर्षांत मी इतकी मोजणारी बाई झाले होते की मला माझाच वीट आला. आणि मग मी मोजणं सोडून दिलं. मुलांना स्कूटरवर चढवलं आणि जुन्या शहराकडे वळले.

अनिकेतचं घर कार्तिक चौकात, ऐन सवारीच्या रस्त्यावर. अडथळ्यांचे बांबू सकाळीच लागले होते. पोलिसाने अडवलं. मी म्हटलं, "घर है अंदर. बच्चों का बाप अंदर है." त्याने मागच्या-पुढच्या पोरांकडे बघितलं आणि दोरी वर केली. गल्लीतून स्कूटर ढकलत मी अनिकेतच्या दाराशी गेले आणि हॉर्न वाजवला. थांबवलाच नाही. रुचिरला फार आवडलं, तोही वाजवायला लागला.

वरच्या गच्चीतून पाच-सहा डोकी वाकली. त्यातलं एक विक्रांतचं होतं. हातात चहाचा कप.

"खाली ये," मी म्हटलं.

तो आला. मागोमाग अनिकेत आणि आणखी दोघे आले, तमाशा बघायला. विक्रांत हसत होता, लोकांसमोर तो नेहमी हसतो.

"अरे वा, तू पण आलीस! चल वर, वहिनींनी एकदम झकास—"

मी पट्टा सोडून अहल्या त्याच्या हातात दिली. चहा सांडला. रुचिरला खाली उतरवून त्याच्या पायाशी उभं केलं. पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

"पिशवीत दूध आहे, दोन चड्ड्या आहेत, टोपी आहे. दीडला ती झोपते. रुचिरला दाल तिखट लागली तर दही दे. त्याला गर्दीत एकटं सोडू नकोस."

"चारू, अगं इथे कसं सांभाळू मी? गच्चीला कठडासुद्धा..." त्याने अनिकेतकडे बघितलं. "काहीतरी सांगायचं ना आधी. असं एकदम कसं?"

"तू विचारलं कुठे?" मी म्हटलं.

अनिकेत हसला. विक्रांत हसला नाही. अहल्याने भोकाड पसरलं, "आई! आई!" करत हात पुढे केले. मी स्कूटर वळवली. दोरीपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. पोलिसाने विचारलं, "बच्चे?" मी म्हटलं, "बाप को दे दिए."

बंद रस्त्यांमुळे मला लांबून जावं लागलं. नदीकडून वळसा घेतला तर तिथेही यात्रेकरूंच्या बसेस आडव्या. भैरवगढला पोचले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मानसी चौथ्या टेबलाशी उभी होती. कापड पसरायला घेतलं होतं, एक टोक टाचलं होतं. मला बघून ती गोड हसली.

"दीदी! आप आ गईं? मुझे तो अभी पाँच मिनट पहले चाचा ने बोला, मैं ऐसे ही उठकर आ गई."

तिच्या पायात घरातल्या स्लिपर होत्या. केस ओले. अशीच मी यायची. तिच्यात मला काडीचाही दोष दिसत नव्हता आणि तरी तिला ढकलून द्यावंसं वाटलं. चाचा दाराशी बिडी ओढत बसले होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

मी सरळ टेबलाशी गेले, तिने टाचलेलं टोक सोडवलं, तिच्या कापडाची घडी केली आणि तिच्या हातात दिली. मग माझी साडी पसरायला लागले.

"दीदी, ग्यारह बज गए थे," ती म्हणाली. आता हसत नव्हती. "चाचा, ये तो ग़लत है."

"हाँ, ग़लत है," मी म्हटलं. "तुम्हारे पास मंगल है, बुध है, पूरा साल है. मुझे एक दिन मिला है, वो भी घर में झगड़ा करके. आज मैं यहाँ से हटने वाली नहीं."

ती चाचांकडे बघत राहिली. चाचांनी बिडी विझवली, उठले, आणि टाचण्यांची डबी माझ्यासमोर ठेवली.

"आज लगा लो," ते म्हणाले. "तीन रंग, तीन सोमवार. लेकिन अगली बार ग्यारह मतलब ग्यारह. एक भी छूटा, तो मेज मानसी की और ये साड़ी जहाँ तक छपी वहाँ तक. मैं रोज़ की खिटपिट नहीं पालूँगा."

मानसी कापड बगलेत मारून निघून गेली. जाताना दार आपटलं. तिचा राग बरोबर होता. मला वाईट वाटलं नाही.

पहिला ठसा वाकडा पडला. हात विसरला होता. दुसऱ्याला रंग जास्त झाला. मग तिसऱ्या-चौथ्याला मनगटाला आठवलं, ठसा टेकवायचा, मुठीने एकदा मारायचं, सरळ वर उचलायचं. लाल रंगाची वेल पुढे सरकायला लागली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मला कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला शू आली नव्हती. मला हसू यायला लागलं, एकटीच होते म्हणून हसले.

फोन वाजत होता. विक्रांत, विक्रांत, विक्रांत. अकराव्यांदा वाजला तेव्हा मी तो पंच्यात गुंडाळून ठेवला. दीड वाजता मात्र हात आपोआप थांबला. अहल्या आत्ता झोपत असेल. कुणाच्या मांडीवर? तिला थोपटल्याशिवाय झोप येत नाही, डाव्या कुशीवर, हे त्याला माहीत आहे का? मी त्याला एक मेसेज करावा म्हणून पंचा सोडला. त्याचाच मेसेज होता. "झोपेना. काय करू?" मी लिहिलं, "डावी कूस. थोपट." आणि परत ठसा उचलला.

चारपर्यंत पहिला रंग पुरा झाला. साडी अंगणात वाळत घातली, तिच्याखाली उभी राहिले. दोन ठसे वाकडे होते, बाकी वेल सरळ. चाचांनी कड तपासली आणि "हूँ" म्हणाले. ते कधीच याच्यापेक्षा जास्त म्हणत नाहीत.

सवारी परतल्याशिवाय रस्ते उघडत नाहीत. घरी पोचायला साडेसात झाले. दार उघडंच होतं. मी भांडणाच्या तयारीनेच चढले होते. काय काय बोलायचं ते जिन्यात जुळवून ठेवलं होतं.

आत जत्रा होती. रुचिरच्या कपाळावर भलं मोठं गंध, हातात नवा डमरू. अहल्या विक्रांतच्या पोटावर आडवी, तोंडभर पेढा. अश्विनीताई सोफ्यावर बसल्या होत्या, फोन पुढे धरून.

"चारुलता, अहो तुमच्या मिस्टरांनी कमाल केली! हे फोटो बघितले का? दोघांना दोन खांद्यांवर घेऊन पालखी दाखवली. किती लोकांनी लाइक केलंय बघा. असा बाप हवा. आमच्याकडे साधं बागेत न्यायचं तर आठ दिवस आधी अर्ज करावा लागतो."

फोटोखाली विक्रांतने लिहिलं होतं, "अचानक ठरलेला बेस्ट संडे, सॉरी मंडे!" मी ते दोनदा वाचलं. मला घरात शिरताना बघून क्षणभर तो चपापला होता, पण अश्विनीताई होत्या, म्हणून परत हसायला लागला.

"आई!" रुचिर डमरू वाजवत आला. "बाबांनी एकदम पालखी दाखवली! हत्ती पण होता! आई, तू कधीच एकदम काही करत नाहीस."

तो पाच वर्षांचा आहे. त्याला काय कळतं? तरी ते इतकं लागलं की मी चप्पल काढायची विसरले. सबंध दिवसात मी एकच गोष्ट एकदम केली होती. ती केली म्हणून तो त्या खांद्यावर बसला होता.

"काय चेहरा करून उभी आहेस?" विक्रांत म्हणाला. "सगळं मस्त झालं. पहिला एक तास त्रास दिला, मग एकदम सेट. मजा आली यार." अश्विनीताईंकडे बघून त्याने रुचिरला जवळ ओढलं. "आता आपण दर सोमवारी जायचं काय रे? दर सोमवारी पालखी!"

"दर सोमवारी!" रुचिर किंचाळला. अहल्यानेही काही न कळता हात वर केले.

मी जिन्यात जुळवलेलं सगळं भांडण तिथेच सोडलं. "वा," मी म्हटलं. "ऐकलंत ना अश्विनीताई? दर सोमवारी. एक झाला, अजून पाच आहेत. आपला श्रावण संपेपर्यंत."

"पाच?" विक्रांत म्हणाला.

"पाच," मी म्हटलं. "सकाळी साडेनऊपासून. रविवारी यांना शाळेत सोडायचं तेही बाबाच करतील, त्यांच्याच फोनवर निरोप येतो ना. हो ना रुचिर? बाबांनी कबूल केलंय."

"अय्या, मग आमच्या चिनूलाही न्या हो!" अश्विनीताई उठून उभ्याच राहिल्या. "मला सोमवारी सुट्टी मिळत नाही, पोराचं काय करायचं हा प्रश्नच होता. देवासारखे भेटलात. मी डबा देईन बरोबर. फक्त त्याला गाडी लागते, तेवढं बघा."

विक्रांतने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं, अश्विनीताईंकडे बघितलं. बाईमाणसासमोर, स्वतःच्याच फोटोखाली बसून तो काय म्हणणार? "हां हां," तो म्हणाला. "बघू. म्हणजे, त्या वेळी ठरवू."

"ठरलं!" रुचिर म्हणाला आणि डमरू त्याच्या कानाशी वाजवला.

अश्विनीताई चिनूला बातमी द्यायला गेल्या. मी बेसिनशी जाऊन हात धुवायला लागले. बोटांच्या बेचक्यांतला लाल रंग निघत नव्हता. मला विक्रांतची दया येते का, हे मी तपासून पाहिलं. येत नव्हती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अनिकेतचा आवाज नेहमीसारखा मोठा, मला बेसिनपर्यंत ऐकू आला. "काय डॅडी, दमलास का? ऐक, एकदम प्लॅन बनलाय. रविवारी रात्री निघायचं, ओंकारेश्वर, सोमवारी संध्याकाळी वापस. गाडीत एकच सीट आहे. हां बोल, आत्ताच्या आत्ता बोल."

विक्रांत उठला. अहल्या त्याच्या पोटावरून घसरली आणि त्याचा शर्ट धरून लटकली. रुचिरने दुसऱ्या बाजूने पाय धरला.

"बाबा, सोमवारी पालखी!"

"थांब रे एक मिनिट," विक्रांत फोनमध्ये म्हणाला. आवाज खाली आला होता. "घरी विचारून सांगतो."

सात वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. फोन छातीशी धरून तो बेसिनपाशी येऊन उभा राहिला. मी नळ बंद केला नाही. साबण घेतला, एकेक बोट घासलं. तो उभाच.

"विचार ना," मी म्हटलं.